संकर, संसृष्टी आणि चार मीटरची मोटार

मोटारीची खरेदी हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, असे मानून आमचे काही वाचक हा लेख ओलांडून पुढे जातील. त्यांनी जरा थांबावे, अशी विनंती आहे. ‘हायब्रिडिटी’ या संज्ञेवर चर्चासत्रात चाळीस मिनिटे बोलणारे प्राध्यापक, मोटारीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत चिकटवलेला तोच शब्द वाचून, एकही प्रश्न न विचारता लाख-दोन लाख रुपये अधिक मोजतात. कवितेतील एका विशेषणासाठी कवीला धारेवर धरणारी आपली मंडळी विक्रेत्याच्या विशेषणापुढे इतकी नम्र का होतात, हा प्रश्न आम्हांला समीक्षेचाच वाटतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पेट्रोल-इंजिन आणि वीजमोटर यांचा खरा संकर हे उत्तम तंत्र आहे. शहरातल्या संथ, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीसाठी आणि म्हणून लहान मोटारीसाठी ते सर्वांत योग्य आहे. परंतु आपल्याकडे लहान मोटारीच्या वाट्याला ते तंत्र आलेच नाही; आले ते केवळ त्याचे विशेषण. या लबाडीत कारखानदार आणि सरकार यांच्याइतकेच आपण, सुशिक्षित ग्राहक, सामील आहोत.

‘हायब्रिड’ हा शब्द महाराष्ट्राला मोटारींनी शिकवलेला नाही. तो आपल्याकडे शेतातून आला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले आणि पाहता पाहता ‘हायब्रिड’ हा खेड्यापाड्यांतला मराठी शब्द होऊन बसला. या ज्वारीने दुष्काळाच्या तोंडावर धान्य दिले, हे तिचे ऋण. पण तिच्या भाकरीला चव नाही, ही तक्रारही त्याच तोंडांनी केली आणि ‘हायब्रिड पिढी’ असा हेटाळणीचा प्रयोग रूढ झाला. म्हणजे ज्या शेतकऱ्याला कोणी सिद्धान्त शिकवला नव्हता, त्याने या शब्दाला दोन प्रश्न विचारले होते: पदरात किती पडले आणि चव कशी आहे? शहरी ग्राहकाने हे दोन्ही प्रश्न सोडून दिले. त्याच्या कानाला ‘हायब्रिड’ म्हणजे प्रगत, हिरवे आणि सद्गुणी.

खरे तर हा शब्द तपासण्याचे एक चोख साधन आपल्या अलंकारशास्त्रात तयार आहे. काव्यप्रकाशाच्या दहाव्या उल्लासात मम्मटाने एकत्र आलेल्या अलंकारांचे दोन प्रकार केले आहेत. जिथे दोन अलंकार शेजारी असूनही परस्परनिरपेक्ष राहतात, तिथे ‘संसृष्टी’. तिला तिळातांदळाची उपमा देतात, कारण तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी वेचून वेगळे करता येतात. जिथे दोघे एकमेकांवर अवलंबून असतात, तिथे ‘संकर’. त्याची उपमा दूधपाण्याची. एकत्र असणे म्हणजे संकर नव्हे, एकाचे दुसऱ्यावाचून अडणे म्हणजे संकर, ही दृष्टी घेऊन आता बॉनेट उघडू.

२०२२ साली आपल्याकडे आलेल्या दोन मोटारी पाहा: होंडाची सिटी ई:एचईव्ही आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन, जनित्र आणि चाके फिरवणारी मोटर हे तिघे एका ग्रहमालेसारख्या दंतचक्रात गुंतलेले असतात आणि क्षणाक्षणाला शक्तीची वाटणी होत असते. होंडाच्या पद्धतीत शहरी वेगाला इंजिन बहुधा वीज निर्माण करते आणि चाके मोटर फिरवते. मोकळ्या रस्त्यावर वेग आला की इंजिन थेट चाकांना जोडले जाते. दोन्हींतले इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे आहे. त्यात आत घेण्याची झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबण्याचा पल्ला लहान आणि प्रसरणाचा पल्ला मोठा होतो. इंधनातून अधिक काम निघते, पण खालच्या वेगाला जोर कमी पडतो. ही उणीव मोटर भरून काढते, कारण मोटरचा जोर शून्य वेगापासूनच हाती असतो. आणि मोटरची उणीव इंजिन भरून काढते, कारण हायरायडरमधली बॅटरी अवघी ०.७६ युनिट विजेची आहे. तेवढ्यावर मोटार फार तर काही किलोमीटर जाईल. एकटे इंजिन मंद, एकटी मोटर अल्पायुषी. दोघांचे एकमेकांवाचून अडते. हा संकर होय.

आता याच हायरायडरच्या स्वस्त भावंडाकडे वळू. तिच्यातही ‘हायब्रिड’ आहे, पण ‘माइल्ड’, म्हणजे सौम्य. तिथे एक लहानसे यंत्र जनित्राचे आणि स्टार्टरचे काम करते, सिग्नलला बंद पडलेले इंजिन हळुवार सुरू करते आणि वेग घेताना थोडा हात लावते. ते एकट्याने मोटार एक पाऊलही पुढे नेत नाही. काढून टाकले तर मोटार जवळपास पूर्वीसारखीच चालेल. तांदळात चार तीळ टाकले म्हणून तिळाचा भात होत नाही. कोणी म्हणेल, हा अंगांगिभावाचा संकर मानावा: इंजिन अंगी, यंत्र अंग. मान्य करू. पण मग अंगाने अंगीच्या शोभेत कितपत भर घातली, हे पाहावेच लागेल. अधिकृत चाचणीत पूर्ण संकरित हायरायडर लिटरला २७.९७ किलोमीटर धावते, तर सौम्य आवृत्ती २१ च्या आसपास. दोघींमधला हा सात किलोमीटरचा फरक एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली झाकला जातो.

ही केवळ विक्रेत्याची चलाखी नाही. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेत सौम्य संकरित मोटारींनाही अनुदान होते. त्या काळात डिझेल इंजिनाला असे लहान यंत्र जोडलेल्या मोटारी हिरव्या कौतुकाच्या आणि सवलतीच्या धनी झाल्या. १ एप्रिल २०१७ पासून सौम्य संकरांचे अनुदान बंद झाले. म्हणजे दोन वर्षे सरकारी तिजोरीने एका विशेषणाला मानधन दिले. आणि लगेच १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मोठ्या संकरित मोटारींवर २८ टक्के कर आणि १५ टक्के अधिभार मिळून ४३ टक्क्यांचा बोजा पडला. आधी नकली संकराला खिरापत, मग अस्सल संकराला दंड!

शब्दांची दुसरी लबाडी ‘सेल्फ-चार्जिंग’ या प्रयोगात आहे. स्वतःच स्वतःला भारित करणारी मोटार म्हणजे स्वतःच्या शेंड्या धरून स्वतःला उचलणारा मनुष्य. पूर्ण संकरित मोटारीत विजेचा कणन् कण शेवटी पेट्रोलमधून येतो. ब्रेक लावताना जी ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली असती, तिचा काही भाग बॅटरीत परत जातो, हे खरे आणि मोलाचेही. पण मोटारीला तो वेग आधी पेट्रोलनेच दिलेला असतो. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० मध्ये टोयोटाच्या अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. एका छोट्या देशातल्या अधिकाऱ्यांनी जाहिरातीचे जे बारकाईने वाचन केले, ते आपल्याकडे वाङ्मय विभागांनीही करून दाखवावे, असे आम्हांला वाटते.

इथपर्यंत आम्ही शब्दांवर तुटून पडलो. आता तंत्राची बाजू. संकराचे सामर्थ्य महामार्गावर नव्हे, शहरात प्रकट होते. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या मोटारीत ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे परत मिळवण्याजोगी ऊर्जाही थोडीच. शहरात उलट. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटे लागत होती, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. या वेगाला साधे पेट्रोल-इंजिन सर्वांत वाईट काम करते: उभे असताना जळते, रांगताना जळते, आणि मिळवलेला वेग पुढच्या चौकात ब्रेकच्या पट्ट्यांवर घासून टाकते. पूर्ण संकरित मोटार अशा रांगेत बराच वेळ इंजिन न लावता सरकते. तिचा वातानुकूलनाचा पंपही विजेवर चालत असल्याने मे महिन्यात सिग्नलला उभे असताना इंजिन बंद आणि हवा थंड, हे दोन्ही साधते. सौम्य संकरात इंजिन थांबले की पंपही थांबतो. ग्राहकाने विक्रेत्याला विचारावे असे दोनच प्रश्न आहेत: ही मोटार इंजिन बंद ठेवून गल्लीतून बाहेर पडेल काय, आणि इंजिन बंद असताना हवा थंड राहील काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर संकर, नाहीतर संसृष्टी.

चालवण्यातल्या गैरसोयी लपवण्याचे कारण नाही. बॅटरीमुळे सामानाची जागा घटते. बॅटरी थंड ठेवणारी हवा आत घेण्याची जाळी असते. ती धुळीने बुजू देता कामा नये. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने नारिंगी वेष्टणाच्या केबलींना हात लावणे धोक्याचे, त्यामुळे मालक कंपनीच्या सेवाकेंद्राशी बांधला जातो. मोटार महिनाभर उभी राहिली तर बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरू शकते आणि मग पाऊण युनिटाची मोठी बॅटरी भरलेली असूनही मोटार जागी होत नाही. यांपैकी काहीही असह्य नाही. मुख्य बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी मिळते, त्यामुळे ‘दोन वर्षांत बॅटरी बदलावी लागेल’ ही कट्ट्यावरची भीती निराधार आहे.

खरी अडचण हिशेबात आहे. पूर्ण आणि सौम्य आवृत्तींच्या किमतींत अडीच लाखांचे अंतर धरू. शहरात एक लिटरला २२ आणि १४ किलोमीटर धरू, पेट्रोल शंभर रुपये लिटर. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे २६० लिटर, म्हणजे २६,००० रुपये वाचतील. अडीच लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षे लागतील; बॅटरीची हमी आठ वर्षांची. वाचलेले पेट्रोल हवेत न गेल्याने वर्षाला सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड टळतो, ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण महाविद्यालयात जाऊन येणाऱ्या, रविवारी नाटकाला जाणाऱ्या कुटुंबाला ‘पैसे वाचतात’ असे सांगून ही मोटार विकणे अप्रामाणिक आहे. वर्षाला पन्नास हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचे मात्र पेट्रोलच्या तुलनेत हेच पैसे दोन वर्षांत सुटतात. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून संकरित टॅक्सी रस्त्यावर येऊ लागल्या. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी २०१२ पर्यंत सर्वच पिवळ्या टॅक्सी संकरित करण्याची घोषणा केली. इंधनवापराचे नियम करणे हा संघराज्याचा अधिकार असल्याने २००८ मध्ये न्यायालयाने सक्ती रोखली. तरीही टॅक्सीमालकांनी त्या मोठ्या संख्येने घेतल्या, कारण हिशेब जुळत होता. आपल्याकडे हे तंत्र ज्याच्या पदरात खरोखर काही घालील त्याच्यासाठी नव्हे, तर ज्याला ते मिरवता येईल त्याच्यासाठी आले.

याचे कारण आकार, आणि आकाराचे कारण कर. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल-इंजिन १२०० घन सेंटिमीटरच्या आत, अशा मोटारींचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. या व्याख्येने मोटारींचे रूप घडवले. शेपूट छाटलेल्या सेडान हे भारतीय रस्त्यांवरचे खास अपत्य त्यातूनच जन्मले. मात्रा मोजून ओळ तोडणाऱ्या हौशी कवीसारखे कारखानदार पट्टी घेऊन डिकी कापत बसले. पुढे कर बदलला, पण पट्टी तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या पेट्रोल आणि संकरित मोटारींवर १८ टक्के, बाहेरच्यांवर ४० टक्के आणि विजेवरच्या मोटारींवर ५ टक्के कर लागू झाला. मापाबाहेरची साधी पेट्रोल मोटार आणि तिच्याच आकाराची पूर्ण संकरित मोटार दोघी आता ४० टक्क्यांच्या एकाच रांगेत आहेत. किती इंधन जाळता, हे कर विचारीतच नाही. किती लांब आहात, एवढेच विचारतो.

या पट्टीचा मूर्खपणा एका उदाहरणाने कळेल. टोयोटाने डिसेंबर २०११ मध्ये जपानात अॅक्वा नावाची संकरित मोटार आणली. लांबी ३,९९५ मिलिमीटर. जणू आमच्या अर्थखात्यानेच मापून दिलेली. २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे ती छोट्या ‘केई’ वर्गाबाहेरच्या मोटारींत जपानात सर्वाधिक खपली. पेठांच्या बोळांसाठी, गिरगावासाठी, पणजीच्या जुन्या वस्तीसाठी हिच्याहून योग्य मोटार कोणती? परंतु तिचे इंजिन होते १.५ लिटरचे. लांबीत पास, घनमापात नापास. आपल्याकडे ती चाळीस टक्क्यांत जाईल. यातली खोच अशी की ॲटकिन्सन पद्धतीत घनमाप मुद्दाम मोठे ठेवलेले असते, कारण आत घेतलेल्या हवेचा काही भाग इंजिन परत सोडून देते. त्या मोठ्या आकड्यामागे काटकसर असते, उधळपट्टी नव्हे. जे इंजिन कमी जाळावे म्हणून मोठे केले, त्यालाच मोठे आहे म्हणून शिक्षा! सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा चार मीटरच्या आतली पूर्ण संकरित अशी एकही मोटार भारतीय बाजारात नव्हती, यात नवल ते काय? ज्या शहरांना लहान संकरित मोटार हवी होती, त्यांना सव्वाचार-साडेचार मीटरच्या मोटारी मिळाल्या. पेट्रोल वाचले, रस्ता गेला.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे: विजेवरची मोटार असताना ही तडजोड कशाला? ज्याच्या इमारतीत स्वतःची जागा आहे, तिथे वीज ओढून घेण्यास सोसायटीची हरकत नाही आणि ज्याचे फिरणे शहरापुरते आहे, त्याने विजेवरचीच मोटार घ्यावी. आम्ही वाद घालणार नाही. बस आणि मेट्रो यांनी काम भागत असेल तर त्याहून उत्तम. पण वाड्यात राहणारा, भाड्याने राहणारा, रात्री मोटार रस्त्याकडेला लावणारा नागरिक रोज कोणत्या खिडकीतून वायर सोडणार? शुद्धतेचा आग्रह ज्यांना परवडतो ते तो धरतात, हे आपण भाषेच्या बाबतीत शंभर वर्षे पाहत आलो आहोत. लहान पूर्ण संकरित मोटार ही या जागा नसलेल्या माणसाची मोटार आहे. पाच टक्के आणि चाळीस टक्के यांच्या मधल्या दरीत सापडतो तो हाच माणूस.

आता आपल्या घरात डोकावू. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांचे ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ १९९४ साली आले आणि त्यांनी मांडलेली हायब्रिडिटी सत्तेच्या नात्यातली, अस्वस्थ करणारी होती. आपल्या शोधनिबंधांत पोहोचेपर्यंत तिचे प्रशस्तिपत्र झाले. दोन बोलींतले चार शब्द एकत्र दिसले की कादंबरी ‘संकरित’, आणि संकरित म्हणून थोर. कोणाची सत्ता, कोणाचे अवलंबन, कोण कोणावाचून अडते, हे प्रश्न गळून पडले. मोटारीच्या बाजारातही हेच झाले आहे. शक्तीची वाटणी कशी होते हे न विचारता संकराचे कौतुक करायचे, ही सवय ज्या वर्गाने चर्चासत्रात लावून घेतली, तोच वर्ग शोरूममध्ये सर्वांत सोपा गिऱ्हाईक ठरतो.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. जी मोटार एकट्या विजेवर एक पाऊल टाकू शकत नाही, तिच्या पाठीवर ‘हायब्रिड’ लिहिण्यास कायद्याने मनाई असावी. करासाठी मोटारीची लांबी जरूर मोजा, रस्ता सर्वांचा आहे. पण घनमाप सोडून प्रत्यक्ष इंधनवापर मोजा. लहान संकरित मोटारीचा पहिला हक्क टॅक्सीवाल्यांचा असावा. आणि अडीच लाख अधिक मोजणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांनी पैसे वाचवल्याचा आव आणू नये. हवेत थोडे कमी विष सोडण्याची ती किंमत आहे, असे उघड म्हणावे. ते म्हणणे पुरेसे सन्माननीय आहे. विशेषणाची गरज त्याला नाही.